आठ घंट्या, चौदा मुलं

पत्र

ताई, मी ठाण्यात घोडबंदर रोडला एका सोसायटीत राहते. माझं विशारद पूर्ण झालंय. शनिवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये सहा ते नऊ वर्षांच्या चौदा मुलांना गाणं शिकवते. आतापर्यंत पेटी घेऊन अलंकार घोकून घेत होते, पण खालचा सा आला की निम्मी मुलं पुटपुटतात आणि बाकीची खिडकीबाहेर बघत बसतात. मे महिन्यात नणंद अमेरिकेहून आली, तिने आठ रंगीत हँडबेल्सचा संच आणला. मुलं खूश, पण मी मात्र पेचात. मी काळी चारला गाते, म्हणजे माझा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर; पेटीही तिथेच धरते. घंट्या कशालाच जुळत नाहीत. संच बेसूर आहे का? एक मुलगी ‘मला एकच सूर का, मला अख्खं गाणं वाजवायचंय’ म्हणून रुसून बसते. सासरे जुन्या वळणाचं गाणं शिकलेले, ते म्हणतात हा नुसता खणखणाट, याला ना मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ना कण (शेजारच्या सुराचा निसटता स्पर्श). एका पालकांनी ग्रुपवर टाकलं, हे चर्चमधलं प्रकरण आपल्याकडे कशाला. क्लबहाउसच्या डोक्यावर राहणाऱ्या काकांची तक्रार वेगळीच, आवाजाची. आणि सगळ्यांना गणपतीत कार्यक्रम हवाय. घंट्या ठेवू की गुपचूप पेटीकडे वळू?
— एक शिक्षिका, कोलशेत

उत्तर

आधी त्या संचावरचा आळ काढू. मुलांच्या आठ घंट्यांच्या संचात बहुतेक वेळा पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या असतात, ‘सी’पासून वरच्या ‘सी’पर्यंत, म्हणजे पांढरी एक ते पुढची पांढरी एक. तुम्ही गाता काळी चारला. त्या पट्टीतल्या शुद्ध सुरांपैकी तुमचे ग, ध आणि नी एवढेच या घंट्यांत सापडतील. सा नाही, प नाही. मग जुळणार काय? तरी खात्री म्हणून मोबाइलवर ट्यूनरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, 440 वर ठेवा आणि एकेक घंटा वाजवून बघा. एखादी फारच इकडेतिकडे निघाली तर तेवढी वर्गात काढू नका. बाकी संच ठीक असणार.

आता पट्टी. बहुतेक जण अशा संचात सरळ पांढरी एकला सा मानतात आणि बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध सूर, वाजवत बसतात. त्यात चूक नाही, पण तुमच्या वर्गासाठी मी सा पांढरी चारवर नेईन, म्हणजे ‘एफ’ कोरलेल्या घंटेवर. कारण सांगते. काळी चारचा सा तुमच्या गळ्याला बरा, सहा-सात वर्षांच्या मुलाला तो खोल पडतो. मुलं पुटपुटतात ती आळसाने नव्हे, तिथे त्यांचा आवाजच पोचत नाही. सा पांढरी चारवर नेला की घंट्यांची मांडणी अशी होते (मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला): मंद्र प, मंद्र ध, मंद्र नी, सा, रे, ग, तीव्र म, प. लहान मुलाच्या गळ्याचा सगळ्यात मोकळा टापू साधारण एवढाच असतो. तुम्हाला थोडं चढं वाटेल, कारण या पट्टीतला प म्हणजे तुमच्या नेहमीच्या पट्टीतला तार गंधार. तेवढं तुम्हाला जमेल. एक मात्र बघा, बरेच संच हेच सूर एक सप्तक वर बोलतात. तुमचा तसा असेल तर मुलं घंटेच्या उंचीला जायला म्हणून चिरकायला लागतील. म्हणून घंटा वाजली की लगेच तोच सूर तुम्ही मधल्या सप्तकात गाऊन दाखवा, मग मुलांना गायला सांगा.

या मांडणीत आणखी एक गंमत आहे. ‘ई’ आणि ‘बी’ या दोन घंट्या कपाटात ठेवून द्या. उरलं काय? प़ ध़ सा रे ग प (खालचं टिंब म्हणजे मंद्र). अख्खा भूप राग, तोही मुलांच्या गळ्यात बसेल असा. सुरुवातीचे दोन-तीन महिने या सहाच घंट्या बाहेर काढा. भुपाचा फायदा असा की अर्ध्या सुरांचं अंतर कुठेच येत नाही, त्यामुळे एखाद्या पोराने भलत्या वेळी घंटा हलवली तरी कानाला टोचत नाही आणि ते पोर ओशाळत नाही. मुलांचे कान या पाच सुरांना रुळले की एके दिवशी काही न सांगता कपाटातल्या दोन घंट्या काढा आणि नी रे ग म प असं एकदा वाजवा. तीव्र मध्यम आणि निषाद आले, यमन रागाचं अंगण दिसायला लागलं. मुलांना रागाचं नाव सांगायची घाई नको. ‘काय बदललं?’ एवढंच विचारा आणि उत्तराची वाट बघा. थाटांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. याच आठ घंट्यांत पांढरी दोनला सा मानलात तर काफीचे सूर मिळतात, पांढरी तीनला मानलात तर भैरवीचे. ते सगळं पुढच्या वर्षी.

सा असा हलणार आहे म्हणून घंट्यांवर सा-रे-ग कायमचं लिहू नका. मास्किंग टेपचा तुकडा लावा, पट्टी बदलली की काढा. आणि रंगांच्या फार नादी लागू नका. संचासोबत रंगीत टिंबांचे तक्ते येतात; लाल टिंब दिसलं की लाल घंटा. पालकांना दाखवायला झकास, पण त्यात मूल रंग वाचतं, सूर ऐकतच नाही. ते तक्ते नणंदेला न दुखावता बाजूला ठेवा.

आता त्या रुसलेल्या मुलीकडे येते. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची तक्रार तिचीच आहे आणि ती रास्त आहे. पेटीवर, सिंथवर, गळ्यात, सगळीकडे अख्खं गाणं एकट्याचं असतं. हँडबेलमध्ये नसतं. तिथे गाणं कुणाच्याच हातात नसतं, प्रत्येकाकडे एकेक सूर आणि आपली पाळी. लहान वयात घंट्या वापराव्यात असं मला वाटतं ते एवढ्याचसाठी. अलंकार घोकताना चौदातली दहा मुलं स्वतःचासुद्धा आवाज ऐकत नाहीत, शेजारच्याचा तर सोडाच. हातात एकच सूर असलेल्या मुलाला मात्र बाकी सगळ्यांचं ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. नाही ऐकलं तर त्याची जागा चुकणार आणि ती सगळ्यांना कळणार.

तिला हे भाषण देऊ नका. तिला हे वाजवायला द्या, केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, एकेका मात्रेला एकेक सूर:

सा रे ग ग । रे सा ध़ सा
ग प ग रे । सा रे सा ऽ

प ची घंटा तिला द्या. दोन आवर्तनांत तिला एकदाच वाजवायचंय, पण त्या एका ठोक्यावर ओळ वर चढते आणि तिथूनच खाली येते. तो हुकला तर तिथे भोक पडतं. पहिल्यांदा ती बहुतेक उशिरा वाजवेल. दुसऱ्यांदा घाईने आधी. मग बघा, ती ओठांतल्या ओठांत सगळी ओळ म्हणायला लागेल, कारण मोजल्याशिवाय तिला आपली मात्रा सापडणारच नाही. अख्खं गाणं हवं होतं ना, ते तिच्या डोक्यात गेलं. तुम्हाला तरी दुसरं काय हवंय?

त्यानंतर तिला एकदा पुढे बोलवा आणि तुमच्या जागी उभं करा. घंट्या हातात घेऊन सहा मुलं ओळीने उभी, ती ज्याच्याकडे हात करेल त्याने वाजवायचं. झाली मुलांचीच पेटी आणि ती पेटीवादक. सगळ्यांना ही पाळी आळीपाळीने मिळाली की ‘मला एकच का’ ही कुरकुर आपोआप थंडावते.

वाजवायचं कसं हे पहिल्याच दिवशी नीट दाखवा, नाहीतर पुढे फार त्रास होतो. मुलं घंटा देवघरातल्यासारखी हलवतात आणि टण् एकदा व्हायच्या ऐवजी टणटणटण होतं. महागड्या, कांशाच्या हँडबेलमध्ये लोलक एकाच रेषेत पुढे-मागे हलतो आणि स्प्रिंग त्याला धातूपासून दूर धरून ठेवते, म्हणून एका झटक्याला एकच टोला पडतो. तुमच्या संचातला लोलक मोकळा लोंबत असणार. त्यावर उपाय सोपा आहे: घंटेचं तोंड वरच्या बाजूला धरायचं, म्हणजे लोलक आपल्या अंगाच्या बाजूला टेकून राहतो. मग हात पुढे नेत मनगटाला एकच हलका झटका द्यायचा. लोलक पलीकडे आपटतो, एकदाच. मूठ आवळायची नाही. सूर थांबवायचा असेल तेव्हा घंटेची कड खांद्याला टेकवायची. हे टेकवणं मुलांना फार आवडतं, आणि वाजवण्याइतकंच थांबवणंही शिकायचं असतं हे त्यातून न सांगता कळतं.

पहिले दोन-तीन शनिवार धून नकोच. मुलांना गोल बसवा. एकाने एकदा वाजवायचं आणि सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं. आवाज पूर्ण विरला असं ज्याला वाटेल त्याने हात वर करायचा. हात एकेक करून वर जातात, कुणाचा लगेच, कुणाचा बऱ्याच वेळाने, आणि एखादं शांत पोर सगळ्यांच्या शेवटी हात वर करतं. त्या पोराकडे नीट लक्ष ठेवा. वर्गातला सगळ्यात चांगला कान कुणाचा हे तुम्हाला तिथे कळेल, आणि अलंकार म्हणण्यात पुढे असणारं मूल ते नसण्याची शक्यता बरीच. कुणी कानांवर हात ठेवत असेल तर त्याला जरा लांब बसवा, जबरदस्ती करू नका.

दुसरा खेळ मला स्वतःला फार आवडतो आणि त्याची मुळं दोन देशांत आहेत. इंग्लंडमधल्या चर्चच्या मनोऱ्यांत मोठ्या घंटा असतात. त्या वाजवणारे लोक धून वाजवत नाहीत, क्रम बदलत जातात. सहा घंटांचे 720 क्रम होतात, सातांचे 5040, आणि ते सगळे एकदाही न चुकता, एकही क्रम पुन्हा न येता वाजवायला तीनेक तास लागतात. या क्रमांचा सराव मनोऱ्याखाली, घरात किंवा गुत्त्यात बसून करता यावा म्हणून हातातल्या छोट्या घंटांचे जुळवलेले संच वापरात आले. 1700 च्या आसपास विल्टशर परगण्यातल्या ऑल्डबोर्न गावी रॉबर्ट आणि विल्यम कोर हे घंटा ओतणारे भाऊ असे संच करत होते. मनोऱ्यातला सराव गावभर ऐकू जातो, खोलीतला जात नाही, हाही त्यातला फायदा. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना ही गोष्ट जरूर सांगा.

आणि हाच क्रमांचा खेळ आपल्याकडे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीत रत्नाकरा’त खंडमेरू म्हणून मांडून ठेवलाय. पुढे ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या गाण्यात मेरुखंड म्हणून आपण जे ऐकतो त्याचं मूळ तेच. तीन मुलं, तीन घंट्या, सा रे ग. डावीकडून उजवीकडे वाजवायचं. मग जागा बदलायच्या, पुन्हा वाजवायचं. सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. सहा झाले की संपलं, सातवा निघत नाही. ‘सातवा शोधून दाखवा’ म्हणा आणि मुलं कशी झटतात ते बघा. चौथी घंटा दिली की क्रम 24 होतात. त्यासाठी नऊ वर्षांची मुलं लागतात आणि एक फळा. पलट्यांचा, म्हणजे सूर उलटसुलट घोकण्याचा, कंटाळा असलेली मुलं यात घामाघूम होतात, आणि हे पलटेच आहेत हे त्यांना कळतसुद्धा नाही.

सहा घंट्या आणि चौदा मुलं, मग उरलेली आठ काय करणार? ताल धरणार. दोघांना टाळ द्या, बाकीच्यांनी हाताने टाळी आणि खाली दाखवायची. सुरुवात सहा मात्रांच्या दादऱ्याने करा: समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, सा ची घंटा, चौथ्या मात्रेला हात नुसता उघडायचा, आवाज नाही. खालीला गप्प राहणं मुलांना गुपित सांभाळल्यासारखं वाटतं, त्यात त्यांना मजा येते. आवर्तनांच्या ठरावीक संख्येनंतर घंट्या पुढच्यांकडे सरकवा. एक गोष्ट होणारच, लय पळणार. आपल्या मुलांचं सामूहिक वादनाचं सगळं शिक्षण गणपतीच्या आरतीत झालेलं असतं, आणि आरती जिथे सुरू होते त्याच लयीत संपलेली मी तरी ऐकलेली नाही. रागावू नका. तालमाला (ठेका वाजवणारं यंत्र) लावा, किंवा तुम्हीच तबल्यावर ठेका धरा.

सासऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. हे मी सुनेला खूश करायला टाळणार नाही. घंटेला मींड नाही, कण नाही, आंदोलन नाही, टोला पडल्यावर तिच्या सुरावर वाजवणाऱ्याची काहीही सत्ता राहत नाही. शिवाय हे सूर पेटीसारखेच बारा समान भागांत कापलेले आहेत. तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा घंटेचा गंधार जरा चढाच लागतो. तानपुरा लावून ग ची घंटा वाजवा, बारीक लहर ऐकू येईल. पेटीवरचे जुने आक्षेपही याच जातीचे होते, आणि आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला दारातच उभं ठेवलं होतं. म्हणून घंटा वर्गाची गुरू करू नका. ती सूर दाखवेल, जागा दाखवेल, थांबायला लावेल. गाणं शिकवायला गळाच लागेल.

यावर माझी एक सूचना आहे. सासऱ्यांना एका शनिवारी वर्गात बोलवा. दोन मुलांनी प आणि मग ग च्या घंट्या वाजवायच्या, आणि लगेच आजोबांनी प वरून ग वर मींडेने उतरून दाखवायचं. दोन टोल्यांच्या मध्ये काय काय असतं ते मुलांना त्याच क्षणी कळेल. नुसती मींड ऐकवली असती तर या वयात ती कुणाच्या ध्यानातही आली नसती. आणि आजोबांचा राग बराच कमी होईल, कारण त्यांच्याशिवाय धडा पुरा होणार नाही. त्यांना खुर्ची नीट द्या आणि चहा आधी द्या.

चर्चवाल्या पालकांशी ग्रुपवर वाद घालू नका, समोर भेटल्यावर बोला. कांसं म्हणजे तांबं आणि कथील, ते कुठल्याही धर्माचं नसतं. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत आल्या. भीमाशंकरला आजही तशी एक बघायला मिळते. ठाणं तर त्याच मोहिमेत 1737 मध्येच मराठ्यांच्या ताब्यात आलं. तेवढं सांगून विषय बदला.

काकांसाठी: क्लबहाउसच्या टाइल्सवर आवाज उसळतो. जाड सतरंज्या अंथरा, पडदे असतील तर ओढा आणि वर्ग त्यांच्या संध्याकाळच्या बातम्यांआधी संपवा. आणि बऱ्याचदा अशा तक्रारीत घंट्यांपेक्षा वर्ग सुटल्यावरचा दंगा जास्त असतो. मुलांना जिन्यापाशी नव्हे, गेटपाशी सोडा.

राहिला गणपती. जे आहे तेच दाखवा, वेगळं बसवू नका. आधी शांततेचा खेळ, पण या वेळी हात प्रेक्षकांनी वर करायचा. मग तीन मुलांचा सा-रे-ग चा क्रमांचा खेळ, मग वर दिलेल्या दोन ओळी, आधी घंट्यांवर, नंतर घंट्या खाली ठेवून गळ्याने. चौदाही मुलं गातील, सहाच वाजवतील असं नको. गळ्याने म्हणताना सगळी हवीत. एवढ्याला दहा मिनिटं पुरतात. एखाद्या पालकांना सिनेमातलं गाणं हवं असेल तर पुढच्या वर्षी बघू म्हणा. कुणी उत्साहाने दुसरा संच घेऊन देऊ म्हणालं तर नको म्हणा. दोन संच तंतोतंत एका सुरात मिळणं कठीण, आणि प्रत्येकाच्या हातात घंटा आली की पुन्हा कुणीच कुणाचं ऐकणार नाही. पैसे खर्चायचेच असतील तर चांगल्या टाळांची एक जोडी आणि दोन सतरंज्या घ्या.